शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालयीन अध्ययन
(केंद्रसंमेलनात केलेले भाषण)



गेल्या महिन्यात शाळाभेटीस गेलो असता एका मुख्याध्यापकांनी मजपुढे एक अडचण मांडली. त्यांच्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी यंदा पदवीधर झाली. शारीरिक शिक्षणाच्या महाविद्यालयात जावे अशी तिची मनीषा आहे. वडील मात्र विचारतात, ‘‘धावायला आणि उड्या मारायला कॉलेज कशाला लागते?’’ मुख्याध्यापकांना उत्तर सुचेना. ते उत्तर शोधण्यासाठीच आज मी उभा आहे.

प्रथम माझीच एक चूक सांगतो. नोकरीच्या आरंभी, लंगडीच्या खेळात माझ्या वर्गातील एका मुलीचा घोटा मुरगळला. मी तेल मागवून तो चांगला चोळला आणि तिला चालतच घरी पाठविले. सायंकाळपर्यंत पाय सुजून टम्म झाला. पुढे पंधरा दिवस ती शाळेत आली नाही. सांध्याचे बंध ताणले गेले, की आत रक्तस्राव होतो. चोळल्याने तो वाढतो. म्हणून त्या पायावर भार न देता विश्रांती, गार पाण्याची घडी, बेताची आवळपट्टी आणि पाय उंचावर ठेवणे, हाच प्रथमोपचार होय. दुखणे अधिक असल्यास डॉक्टरांना दाखवावे. हेतू चांगला होता, ज्ञान नव्हते. आणि त्या अज्ञानाची किंमत एका लेकराने दिली.

त्या पित्याच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथेच आहे. या महाविद्यालयांत केवळ खेळ शिकवीत नाहीत. शरीररचना व शरीरक्रिया, व्यायामाचे शास्त्र, मानसशास्त्र, आहार, दुखापतींची काळजी, अध्यापनाच्या पद्धती, स्पर्धांचे नियोजन, हे सारे तेथे शिकावे लागते. नियमित व्यायामाने हृदय प्रत्येक ठोक्यास अधिक रक्त पुढे ढकलू लागते. म्हणून सराव असलेल्या माणसाची विश्रांतीतील नाडी सावकाश चालते. वाढत्या वयात लांब हाडांच्या टोकांशी कोवळे वाढीचे भाग असतात. म्हणून मुलांना प्रौढांचा व्यायाम जसाच्या तसा देता येत नाही. हे ज्याने अभ्यासिले, तोच उन्हात किती वेळ धाववावे आणि केव्हा थांबवावे हे जाणतो.

ही विद्या आपल्याकडे नवी नाही. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासूनचे. मद्रास येथे हॅरी क्रो बक यांनी 1920 मध्ये शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय सुरू केले. मुंबई सरकारने 1938 मध्ये कांदिवली येथे प्रशिक्षणसंस्था काढली. अठराशे सत्तावनच्या शताब्दीच्या वर्षी, म्हणजे 1957 मध्ये, ग्वाल्हेरला राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने महाविद्यालय निघाले आणि तेथे तीन वर्षांचा पदवी-अभ्यासक्रम सुरू झाला. पदवीधरांसाठी असलेला बी.पी.एड. अभ्यासक्रम 2014 च्या नियमांनी दोन वर्षांचा झाला. ज्या शास्त्रामागे एका शतकाहून अधिक काळाची परंपरा आहे, त्यास ‘नुसता खेळ’ कसे म्हणावे?

पित्याचा दुसरा, न विचारलेला प्रश्न पोटाचा आहे, तोही खराच. येथे खोटी आशा दाखविणे उचित नव्हे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे, ती सहावी ते आठवीसाठी, आणि पटसंख्या शंभराहून अधिक असेल तेथेच. तेव्हा केवळ प्राथमिक शाळेतील जागेवर भिस्त ठेवू नये. माध्यमिक शाळा, महाविद्यालये, क्रीडाप्रशिक्षण, व्यायामशाळा व क्रीडासंकुले हीही क्षेत्रे आहेत. फुरसतीच्या वेळेचे नियोजन हा तर स्वतंत्र अभ्यास झाला आहे. मैदान कोणी, केव्हा वापरावे, स्त्रियांना व वृद्धांना तेथे वेळ कसा मिळावा, खर्चाचा मेळ कसा बसवावा, हे पाहणारा जाणता माणूस पुष्कळ गावांना हवा आहे.

आता आपल्या कर्तव्याविषयी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना दररोज सरासरी साठ मिनिटे मध्यम ते दमदार हालचाल आवश्यक आहे. आणि आपण काय करतो? गणित मागे पडले, की खेळाचा तास त्याच्या पदरात टाकतो. मीही वर्षानुवर्षे तेच केले. जो विषय आपणच वेळापत्रकातून पुसतो, त्याच्या अध्ययनास पालकांनी मान द्यावा, अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करावी?

माझी विनंती एवढीच, की खेळाचा तास खेळासच द्यावा. प्रथमोपचाराची पेटी कुलपात न ठेवता मैदानावर न्यावी. आणि एखाद्या मुलास या विषयाची ओढ दिसली, तर त्यास हसू नये, नीट माहिती द्यावी.

येत्या सोमवारी मी मुख्याध्यापकांसह त्या पित्यास भेटण्यास जाणार आहे. ते मानतील की नाही, हे मी सांगू शकत नाही. परंतु त्या मुरगळलेल्या घोट्याची गोष्ट मी त्यांस सांगणार आहे. त्या दिवशी मैदानावर या विषयाचे शिक्षण घेतलेली एखादी बाई असती, तर त्या मुलीचे पंधरा दिवस वाया गेले नसते.