सोन्याची गुलाबी रेघ

आशाताईंकडच्या ‘निश्चय’ किटवर उमटणारी गुलाबी रेघ खऱ्या सोन्याची असते, बरं का! सोन्याचे कण अतिसूक्ष्म केले की पिवळे न दिसता लालसर दिसतात. (डागिना मात्र व्हायचा नाही त्याचा!) दिवस राहिले की लघवीत एचसीजी हे संप्रेरक उतरतं. कणांवर बसवलेली प्रथिनं ते पकडतात आणि ‘टी’पाशी अडकून रेघ उमटते. ‘सी’ची रेघच आली नाही तर किट बाद, दुसरं घ्या.

आम्हाला काळजी वाटते ती लाजेपायी थांबणाऱ्यांची. मूल नको असेल तर कायदेशीर गर्भपातालाही मुदत असते. हवं असेल तर तपासण्या लवकर सुरू व्हायला हव्यात. पाळी चुकून आठवडा झाला, की सकाळच्या पहिल्या लघवीवर तपासा. दोन रेघा दिसल्या, की लगेच आरोग्य केंद्र गाठा.