एका खेळाचें स्थलांतर



कपाटांत ग्रामोफोनची तबकडी जपून ठेविलेली असावी आणि ती वाजविणारें यंत्र मात्र मोडून गेलेलें असावें, हा अनुभव कित्येक घरांना आहे. संगणकावरील खेळांच्या बाबतींत ही पाळी फार लवकर येते. पंचवीस वर्षांपूर्वीं विकत घेतलेली खेळाची तबकडी शाबूत असते. पण जुना संगणक जातो, नवा येतो, आणि त्यावर विंडोजच्या ऐवजीं लिनक्स ही कार्यप्रणाली बसविली कीं तबकडी मुकी होते. तिला पुन्हां वाचा कशी फुटते, हें एका प्रसिद्ध खेळाच्या उदाहरणानें पाहण्यासारखें आहे.

हा खेळ म्हणजे ‘अनरीअल टूर्नामेंट’. अमेरिकेंतील एपिक गेम्स व कॅनडांतील डिजिटल एक्स्ट्रीम्स यांनीं तो तयार केला, आणि १९९९ सालीं तो विंडोजसाठीं प्रसिद्ध झाला. खेळ नेमबाजीचा. त्याचें एक रणांगण विशेष गाजलें: अंतराळांत तरंगणारा खडक, त्याच्या दोन टोकांना दोन उंच मनोरे, आणि एकानें दुसऱ्याच्या मनोऱ्यांतील निशाण पळवून आणावयाचें. प्रतिस्पर्धी मनुष्य मिळाला नाहीं तरी अडत नाहीं. संगणक स्वतःच प्रतिस्पर्धी होतो.

आतां हा खेळ विंडोजचा म्हणावयाचा तो किती अंशानें? त्याचें फोल्डर उघडलें, तर आंत मॅप्स, टेक्स्चर्स, साउंड्स, म्युझिक आणि सिस्टिम असे निरनिराळे कप्पे दिसतात. रणांगणांचे आराखडे, भिंतींवरील चित्रें, शस्त्रांचे आवाज, संगीत, यांपैकीं कांहींच विंडोजचें नव्हे आणि लिनक्सचेंही नव्हे. खेळाचे नियमसुद्धां बव्हंशीं अनरीअलस्क्रिप्ट नांवाच्या स्वतंत्र भाषेंत लिहिलेले आहेत. विंडोजशीं जखडलेल्या फायली काय त्या सिस्टिम या कप्प्यांतील कांहीं थोड्या. तेवढ्या बदलल्या कीं बाकीचा संसार जशाचा तसा हलवितां येतो.

हें काम अमेरिकेंतील लोकी सॉफ्टवेअर या लहानशा संस्थेनें केलें. विंडोजच्या तबकडीवरूनच सामग्री उचलून तिच्या शेजारीं लिनक्सच्या फायली मांडून देणारा प्रोग्रॅम तिनें तयार केला. त्यामुळें ग्राहकाला खेळ दुसऱ्यांदा विकत घ्यावा लागला नाहीं. परंतु २००२ सालच्या आरंभीं ती संस्था बंद पडली. पुढें लिनक्सची ध्वनिव्यवस्था बदलली, आणि जुन्या फायली अडखळूं लागल्या. घर तेंच राहिलें, पण डागडुजी करणारा उरला नाहीं.

दुसरा मार्ग दुभाष्याचा. ‘वाइन’ नांवाचा एक प्रकल्प १९९३ सालीं सुरू झाला. त्याची पहिली पूर्ण आवृत्ति निघण्यास २००८ साल उजाडावें लागलें. त्याचें मर्म असें. सामान्य घरगुती संगणकावर विंडोज असो वा लिनक्स असो, गणित करणारी चीप बहुधा एकाच जातीची असते, आणि खेळांतील आज्ञा तिला समजतात. अडतें तें मागणीपाशीं. पडद्यावर चौकट उघड, अमुक फाईल दे, आवाज काढ, अशा मागण्या खेळ विंडोजकडे विंडोजच्या रीतीनें करतो. वाइन त्या मधल्यामध्यें झेलतो आणि लिनक्सकडून पुऱ्या करून घेतो. तबकडीवरील मूळ प्रोग्रॅम वाइनमार्फत चालविला, कीं वापरणाऱ्याच्या फोल्डरांत एक कृत्रिम सी-ड्राइव्ह तयार होतो, आणि आपण विंडोजच्याच घरीं उतरलों अशा समजुतींत खेळ तेथें मुक्काम ठोकतो.

प्रत्यक्ष बसवितांना एक बारीकशी अडचण नेहमीं येते. इंग्रजीचें मोठें अक्षर आणि लहान अक्षर यांत विंडोज भेद मानीत नाहीं; लिनक्स मानतो. देवनागरींत हा भेदच नसल्यामुळें आपल्याकडील माणसाच्या तो चटकन् ध्यानांत येत नाहीं. फायली हातानें उतरवून घेतल्या असतां एका नांवाचें पहिलें अक्षर चुकलें, तरी डोळ्यांसमोर असलेली फाईल ‘सांपडत नाहीं’ असें उत्तर मिळूं शकतें. म्हणून बसवणी न जमल्यास प्रथम नांवें तपासावींत.

याप्रमाणें तंत्राच्या दोन्ही वाटा मोकळ्या असतां अडथळा निराळ्याच बाजूनें आला. डिसेंबर २०२२ मध्यें एपिकनें आपले जुने अनरीअल खेळ विक्रींतून काढून घेतले, आणि जानेवारी २०२३ मध्यें त्यांच्या दूरस्थ सेवा बंद केल्या. ज्यांच्या घरीं तबकडी होती त्यांचा खेळ संगणकी प्रतिस्पर्ध्यांच्या बळावर चालूच राहिला; पण ज्यांच्याजवळ ती नव्हती, त्यांना नवी प्रत सरळ मार्गानें विकत घेण्याची सोय राहिली नाहीं. यंत्र तयार, दुभाषी तयार, आणि वस्तुच दुकानांत नाहीं, अशी ही स्थिति होती.

ती पालटली ओल्डअनरीअल या हौशी मंडळींमुळें. एपिकच्या संमतीनें ही मंडळी जुन्या खेळाची विनामूल्य दुरुस्ती करीत आलीं आहेत, आणि विंडोजबरोबर लिनक्ससाठींही ताज्या फायली देत आलीं आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्यें मूळ तबकडीची प्रत इंटरनेट आर्काइव्हवरून कोणासही विनामूल्य घेतां यावी, यालाही एपिकची संमति मिळाली. आतां प्रत उतरवून घ्यावी, तिच्यावर मंडळींच्या नव्या फायली चढवाव्या, आणि खेळ सुरू करावा. दुभाष्याचीसुद्धां गरज उरत नाहीं.

हा नुसता करमणुकीचा प्रश्न नव्हे. आज घरोघरचीं पत्रें, छायाचित्रें आणि हिशेब अशाच फायलींत सांठत आहेत, आणि यंत्रें तर बदलतच राहणार. मोडींतील जुना दस्तऐवज वाचावयाचा झाला तर मोडी जाणणारा माणूस लागतो, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्याच्याही आधीं, दस्तऐवज ज्या पेटींत आहे तिची किल्ली देणारा मालक लागतो. या खेळाला दोघेही भेटले, म्हणून तो वांचला.