मोबाइलातली लालपरी



मी वकिली करतो, म्हणून सकाळी चहाच्या वेळी आपल्यातल्याच एकानं बाजूला घेऊन विचारलं, "लेकरू मोबाइलवर एसटी बनवून विकतंय. काही लफडं तर होणार नाही ना?" उत्तर सगळ्यांच्याच कामाचं आहे.

इंडोनेशियाच्या मालेओ कंपनीचा 'बस सिम्युलेटर इंडोनेशिया' हा २०१७ चा खेळ. त्यात आपण तयार केलेली गाडी घालण्याची सोय कंपनीनंच दिलीय. आपली पोरं त्यात लालपरी घालतात. गाडी पोरानं स्वतः उभी केली, तर तेवढी मेहनत त्याची. पण महामंडळाचं बोधचिन्ह त्याचं नाही, आत वाजणारं सिनेमाचं गाणं त्याचं नाही आणि दुसऱ्याच्या मॉडेलातून उचललेली चाकं तर नाहीतच.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ६३ बघा. जाणूनबुजून उल्लंघन केलं तर सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. धंद्यातल्या फायद्यासाठी केलं नसेल, तर खास कारणं नोंदवून कोर्ट शिक्षा कमी करू शकतं. म्हणजे फुकट वाटलं तरी सुटका नाहीच. पण पन्नास रुपये घेतले की ही सवलत मागायलाही तोंड उरत नाही.

मित्रा, लेकराला रागावू नकोस, हात चांगला आहे त्याचा. विक्री आजच थांबव. बोधचिन्ह आणि गाणं काढायला लाव. मग कंपनीच्या अटी घेऊन माझ्याकडे ये, बसून वाचू. फी नको, जेवण मात्र लागेल.