मूत्राशयाचे अस्तर आणि डब्यातली पूरके
(गुरुकुंज मोझरी येथील भाषण)



मी डॉक्टर नाही, बँकेतला कारकून आहे. पण कोणत्याही कागदाची आधी शहानिशा करायची, ही आमच्या नोकरीची सवय. हल्ली ‘मूत्राशयाचे अस्तर मजबूत करणारी’ चूर्णे व कॅप्सूल विकली जातात. लघवीचा त्रास सांगायला आपल्या माता-भगिनी लाजतात आणि गुपचूप असा डबा आणतात. म्हणून हा विषय आज उघडपणे मांडतो.

मूत्राशयाच्या आतील अस्तरावर एक बुळबुळीत थर असतो. लघवीतले क्षार आतल्या नसांपर्यंत पोचू न देणे हे त्याचे काम. काही रुग्णांत हा थर विरळ होतो, असे तज्ज्ञ मानतात. मग मूत्राशय भरू लागले की दुखते, लघवी झाली की बरे वाटते. तपासणीत मात्र जंतू सापडत नाहीत.

हा थर भरून काढण्यासाठी पूरकांत कॉन्ड्रॉइटिन, ग्लुकोसामाइन, क्वेरसेटिन असे पदार्थ घालतात. कल्पना पटण्यासारखी आहे. पण त्यांवरचे प्रयोग लहान आहेत, पुरावा अपुरा आहे. याच विचारातून आलेल्या पेन्टोसान या औषधाला अमेरिकेत १९९६ साली मान्यता मिळाली. ते दीर्घकाळ घेणाऱ्या काहींच्या डोळ्यांच्या पडद्याला इजा झाल्याचे २०१८ मध्ये नोंदले गेले आणि २०२० मध्ये माहितीपत्रकात तसा इशारा आला.

जंतुसंसर्ग हा वेगळा प्रकार. त्यावर डी-मॅनोज नावाची साखर खपते. ब्रिटनमध्ये ५९८ स्त्रियांवर झालेल्या चाचणीत (२०२४) तिचा उपयोग दिसला नाही. उलट २०१८ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास पाहा. कमी पाणी पिणाऱ्या, वारंवार संसर्ग होणाऱ्या १४० स्त्रियांपैकी निम्म्यांना रोज दीड लिटर पाणी जास्त दिले. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा त्रास झाला, इतरांना ३.२ वेळा.

बांधावरचा सराटा, म्हणजे गोखरू, आयुर्वेदाने मूत्रविकारांवर सांगितला आहे. पण तोही मनाने घेऊ नये. आपल्या मोझरीत आयुर्वेद महाविद्यालय आहे. तेथील वैद्यांना विचारावे.

मित्रांनो, खरा प्रश्न पुढेच आहे. कापूस वेचायला गेलेली बाई आडोसा नाही म्हणून दिवसभर पाणीच पीत नाही. शाळेतली मुलगी घरी येईपर्यंत लघवी दाबून धरते. तिथे कोणती कॅप्सूल पुरी पडणार?

म्हणून विनंती करतो. विद्यार्थ्यांनी आपल्या शाळेत मुलींच्या स्वच्छतागृहाला दार आणि पाणी आहे का, ते पाहावे. सभासदांनी शेतावर आडोशाची सोय करावी. लघवीत रक्त, थंडी-ताप किंवा कंबरेत कळ असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. किडनी वा हृदयाचा आजार असणाऱ्यांनी पाणी किती प्यावे, हे डॉक्टरांना विचारावे. आणि डबा घ्यायचाच असेल, तर वेष्टन वाचा. ‘औषधी वापरासाठी नाही’ असे त्यावर छापणे आपल्या देशात बंधनकारक आहे.