कोकण किनाऱ्यावर तंबू घेऊन निघण्यापूर्वी

(रौप्यमहोत्सवानिमित्त क्लब हाउसमध्ये केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आपल्या सोसायटीतली सात कुटुंबं डिसेंबरच्या सुट्टीत गाड्या आणि तंबू घेऊन कोकणच्या किनाऱ्याने जायचं म्हणताहेत. एकूण बावीस माणसं, त्यांत आठ मुलं आणि आम्ही चार म्हातारे. माझ्या नोकरीची सहा वर्षं दापोली आणि गुहागर तालुक्यांतल्या शाखांत गेली, म्हणून कमिटीने आज मला उभं केलं. निसर्गवर्णन मी करणार नाही. ते तुम्ही डोळ्यांनी पाहालच. मी हिशेब सांगणार आहे, कारण जन्मभर तेच केलं.

पहिला हिशेब अंतराचा. महाराष्ट्राचा किनारा सुमारे 720 किलोमीटर, असं आपण शाळेत शिकलो. तो सरळ रेषेत असता तर प्रश्न नव्हता. पण दर थोड्या अंतरावर खाडी आत घुसलेली. पलीकडचं गाव डोळ्यांना दिसतं, आणि रस्त्याने जायचं तर मोठा वळसा. म्हणून आपल्या मार्गावर तीन तरी आहेत. सावित्रीच्या मुखाशी बागमांडला ते वेसवी, वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळ ते धोपावे, आणि शास्त्रीच्या मुखाशी तवसाळ ते जयगड. गाडीसकट बोटीवर चढायचं. मुलांना यातच सगळ्यात जास्त मजा येणार.

माझ्या मते बेत असा असावा. पहिला दिवस: ताम्हिणीतून माणगाव, श्रीवर्धन आणि मुक्काम हरिहरेश्वर. दुसरा: तरीने वेसवी, मग वेळास, केळशी, आंजर्ले. तिसरा: हर्णे, दापोली, दाभोळची तर आणि गुहागर. चौथा: वेळणेश्वर, हेदवी, तवसाळची तर, गणपतीपुळे. पाचव्या दिवशी चिपळूण, कुंभार्ली घाट, कराड करून घरी.

तरुण मंडळी म्हणतील, काका, रोज इतकंच? होय, इतकंच. किनाऱ्याच्या रस्त्यावर तासाला तीस किलोमीटर पडले तरी खूप झाले. वळणं, चढ-उतार, समोरून एसटी आली की गाडी मागे घ्यायची. आणि डिसेंबरात सहा वाजता सूर्य बुडतो. अंधारात तंबू ठोकायची वेळ येता कामा नये, म्हणून चार वाजता मुक्कामी पोचायचंच. बँकेत कर्ज देताना आम्ही मार्जिन ठेवायचो. तसं इथे वेळेचं मार्जिन ठेवा, आणि पेट्रोलचं, रोख पैशाचंही. मोबाइलला रेंज नसली की स्कॅन करून पैसे जात नाहीत. शेवटची तर किती वाजता सुटते हे आदल्या दिवशीच फोन करून विचारा.

दुसरा हिशेब भरतीचा, आणि हा जिवाचा आहे. दर वर्षी शहरातून गेलेली मुलं कोकणात बुडाल्याची बातमी आपण वाचतो. बहुतेक वेळा पोहता येणारी असतात. समुद्र ओहोटीला आत ओढतो, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

कोकणात भरतीचं गणित घरोघरी ठाऊक आहे. तिथीची पाऊणपट करायची. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा धरा, सव्वाअकरा. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. दुसऱ्या पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी नेहमीपेक्षा वर येतं आणि तितकंच मागेही जातं. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती, ती हलकी. बालमित्रांनो, कालनिर्णय घेऊन हा हिशेब तुम्ही आजच करा. पण हा अंदाज झाला. प्रत्येक गावी पोचल्यावर तिथल्या कोळ्याला विचारल्याशिवाय कुणीही पाण्यात पाय घालायचा नाही. ओहोटी लागली की सगळे बाहेर. खडकांवर सेल्फीला जायचं नाही. हेदवीच्या बामणघळीत लाट कशी उसळते ते पाहा, म्हणजे मी का सांगतो ते कळेल.

आता तंबू. तो पुळणीवर ठोकायचा नाही. एक तर उधाणाचं पाणी कुठवर येईल सांगता येत नाही. दुसरं म्हणजे वेळास, आंजर्ले या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं थंडीत अंडी घालायला येतात. साधारण दीड-दोन महिन्यांनी पिल्लं निघून समुद्राकडे धावतात. आपल्या बॅटरीच्या उजेडाने ती वाट चुकतात. म्हणून किनाऱ्यावर दिवे नकोत, आणि वाळूत गाडी तर अजिबात नको. गाडी रुतते ते वेगळंच, आणि भरती काही क्रेनसाठी थांबत नाही.

तंबू एखाद्याच्या वाडीत, मालकाला विचारून आणि पैसे देऊन लावा. नारळाखाली नको. नारळ पडताना खाली कोण झोपलंय ते बघत नाही. सुरूच्या बनात चूल पेटवू नका, खालचा वाळका पाला भसकन पेटतो. पहाटे दव पडतं, वरून ताडपत्री हवीच. कोकणात फुरसं आणि विंचू दोन्ही आहेत. चेन कायम लावलेली, बूट झटकून घालायचे, रात्री बॅटरीशिवाय बाहेर पडायचं नाही. काही चावलंच तर मांत्रिक नाही, चिरा देणं नाही, थेट तालुक्याचं सरकारी रुग्णालय. विंचूदंशावर काम करून जगभर नाव मिळवलेले डॉ. हिंमतराव बावस्कर याच पट्ट्यात, महाडला आहेत, हे मुलांना जरूर सांगा. तीन नंबर लिहून घ्या: 112, रुग्णवाहिकेसाठी 108, आणि समुद्रातल्या संकटासाठी तटरक्षक दलाचा 1554.

शेवटचा मुद्दा आम्हा चौघांचा. माझा मुलगा म्हणतो, बाबा, या वयात तंबू कसला, तुम्ही आणि आई घरीच राहा. हिच्या गुडघ्यांना जमिनीवर बसवत नाही, हे खरं. त्यावर उपाय सोपा आहे. फोल्डिंगची खाट घ्यायची, नाहीतर आम्ही मालकाच्या पडवीत झोपू आणि तुम्ही बाहेर तंबूत. औषधं दुप्पट, दोन वेगळ्या गाड्यांत. अहो, पाण्यातल्या मुलांवर नजर ठेवायला पूर्ण वेळ बसून राहणारं माणूस तुम्हाला हवंच ना? आमच्याइतका रिकामा वेळ कुणाकडे आहे? आम्ही खुर्ची टाकून बसू आणि डोकी मोजू. आयुष्यभर कॅश टॅली झाल्याशिवाय घरी गेलो नाही. इथे रोज संध्याकाळी बावीसचा आकडा जुळला की मगच जेवण वाढायचं.

येत्या रविवारी सकाळी दहा वाजता याच हॉलमध्ये गाड्यांची आणि सामानाची यादी करू. येताना ज्याने त्याने आपला तंबू आणावा. खाली पार्किंगमध्ये एकदा ठोकून बघू. कुणाचे खुंटे हरवलेत ते इथेच कळलेलं बरं.