केन्याचे निळे फूल
पावसाळ्यात अंबरनाथ-बदलापूरच्या बांधांवर, उल्हासनगरात वालधुनीकाठच्या ओल्या मातीत केना पसरतो. पानांची भजी काही घरांत होतात. फुलाकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. जरूर पाहावे. दोन पाकळ्या निळ्याशार, तिसरी लहान आणि फिकी.

शास्त्रीय नाव कोमेलिना बेंगालेन्सिस. यातले कोमेलिना हे हॉलंडमधल्या कोमेलिन घराण्यावरून. वनस्पतींना शास्त्रीय नावे देणाऱ्या लिनियसने लिहून ठेवले की दोन ठळक पाकळ्या म्हणजे या घरातले दोन नामवंत वनस्पतिशास्त्रज्ञ, यान आणि त्यांचा पुतण्या कास्पर. तिसरी म्हणजे काही करून दाखवण्याआधीच वारलेला तिसरा कोमेलिन. मला ही तिसरी पाकळीच अधिक लक्षात राहते. यान यांनी मलबारच्या वनस्पतींवरच्या ‘होर्तुस मलाबारिकस’ या ग्रंथावर टिपा लिहिल्या. त्याच ग्रंथासाठी रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या कोकणी वैद्यांनी 1675 साली कोचीत नागरी लिपीत निवेदन लिहून दिले होते.

केन्याला जमिनीखालीही न उमलणारी फुले येतात आणि तिथेच बी धरते. म्हणूनच उपटला तरी तो पुन्हा उगवतो. वरचे फूल दुपारपर्यंत मिटते. पाहायचे असेल तर सकाळीच बाहेर पडा.