रजिस्टरमधला शेरा



अध्यक्षाने साऱ्या क्षेत्राचा आढावा घ्यावा, अशी रीत आहे. मी आज फक्त एका शेऱ्याबद्दल बोलणार आहे. आपण वैद्यकीय समाजसेवक तो वर्षानुवर्षे रजिस्टरमध्ये लिहीत आलो आहोत : 'पालकांनी उपचार अर्धवट सोडले.'

नोकरीच्या सुरुवातीला मीही तो एका सहा वर्षांच्या मुलाच्या नावापुढे लिहिला. आजार, अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा हा कर्करोग आज बरा होऊ शकतो, पण उपचार दोन ते अडीच वर्षे चालतात. हा मुलगा चौथ्या महिन्यात गेला आणि वर्षाने परत आला तेव्हा आजार उलटला होता. मी आईला विचारले, औषध का थांबवलेत? ती म्हणाली, "बाई, रक्त साफ झालं असं तुम्हीच सांगितलंत. पोरगं खेळाया लागलं होतं."

आम्ही तसे सांगितले होते, हे खरे. साफ दिसणाऱ्या रक्तातही आजाराच्या पेशी दडून असतात, म्हणून पुढे दीड-दोन वर्षे गोळ्या द्यायच्या, हे तिला कळेल अशा शब्दांत कोणी सांगितले नव्हते. शेरा मात्र तिच्या नावावर पडला.

उपचार सुटण्याचे दुसरे कारण अंतराचे. केमोने पांढऱ्या पेशी उतरल्या की साधा तापही जिवावर बेततो. लगेच रुग्णालय गाठावे लागते. म्हणून पहिले कित्येक महिने गावाहून ये-जा जमत नाही, घरच मुंबईत परळला, रुग्णालयाजवळ आणावे लागते. आई इथे, बापाची मजुरी बुडालेली, धाकटी बहीण आजीकडे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून रुग्णालयाचे बिल भागते. खोलीचे भाडे आणि बुडालेला रोज भागत नाही. टाटा रुग्णालयासमोरच्या फुटपाथवर मांडलेले संसार आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा किंवा २००६ मध्ये मुंबईत सुरू झालेली सेंट ज्यूडची निवास केंद्रे ज्यांना मिळतात, त्यांचा निदान पाठ टेकण्याचा प्रश्न सुटतो. डोक्यावर छप्पर हा उपचाराचाच भाग आहे, असे मी ठामपणे मानते.

श्रीमंत देशांत कर्करोग झालेल्या शंभरातली ऐंशीहून अधिक मुले बरी होतात. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या अनेक देशांत तीसहून कमी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०३० पर्यंत जगभर किमान ६० टक्के मुले जगावीत, असे लक्ष्य तिने २०१८ मध्ये ठेवले. या दरीला उशिरा होणारे निदान आणि औषधांची टंचाई कारणीभूत आहेच. पण औषध हाताशी असूनही हातून सुटणारी मुले आपल्या टेबलासमोरून गेलेली असतात.

म्हणून दोन मागण्या. तारीख चुकली की त्याच संध्याकाळी फोन जावा, आणि तो मुलाचे नाव माहीत असलेल्या माणसाने करावा. आणि त्या जुन्या शेऱ्याऐवजी रजिस्टरमध्ये नवा रकाना असावा : 'का येऊ शकले नाहीत?' त्यात उत्तर आईच्या शब्दांत लिहावे.

तसा ठराव तयार आहे. सचिवांनी तो वाचावा, अशी विनंती करते.